जुने कपडे नकोत, फॉर्म भरणारा माणूस पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या ऑनलाइन अंकात पूरग्रस्तांसाठी आवाहन वाचलं, कपडे, चादरी, भांडी आमच्या कार्यालयात आणून द्या म्हणून. खाली फोटो होता, कपड्यांचा ढीग आणि वरती कुणाचीतरी जरीची साडी लोंबतेय. तो फोटो बघितला आणि मला एकदम तो वास आला. तुम्ही म्हणाल फोटोला कसला आलाय वास, पण ज्याच्या घरात आठ-दहा दिवस पाणी राहिलंय त्याला विचारा. म्हणून हे पत्र. जरा लांबणारेय, कापायचं तिथे खुशाल कापा.

मी मूळची चिपळूणची, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये केटीला, म्हणजे ह्यूस्टनच्या पश्चिमेला. त्यामुळे पूर माझ्या दोन्ही घरचा, माहेरी २००५ आणि २०२१, इथे २०१७.

२०१७ ला गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती, शुक्रवार. त्याच रात्री हार्वी हे हरिकेन रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं, कॅटेगरी ४, वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. आमच्यापासून ते लांब, त्यामुळे आम्ही आपले मोदकाची उकड काढत बसलेलो, टीव्ही चालू. वाऱ्याने आमचं काहीच केलं नाही. जे केलं ते पावसाने, कारण ते वादळ पुढे सरकेचना, चार-पाच दिवस तिथल्या तिथे घोटाळत राहिलं. नेदरलँड म्हणून टेक्सासमधलंच एक गाव आहे, तिथे ६०.५८ इंच पाऊस मोजला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्याही वर. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता त्यावरून अंदाज घ्या, फक्त तो एका दिवसात होता आणि हा चार-पाच दिवसांत.

आमचा गणपती दीड दिवसाचा. शनिवारी संध्याकाळी बादलीत विसर्जन केलं, मखर उद्या काढू म्हणलं, आणि सोमवारी रात्री पाणी घरात. ते थर्माकोलचं मखर हॉलमध्ये हळूहळू तरंगत किचनकडे गेलं, मी जिन्यावरून बघत होते. इतकं सगळं बुडत होतं आणि माझ्या डोक्यात काय तर लायटिंगची माळ प्लगला लावलेलीच राहिलीय.

आता आमच्याकडे पाणी आलंच कसं, तर आमच्या वस्तीमागे बार्कर नावाचं धरण आहे. अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही जोडी १९२९ आणि १९३५ च्या पुरानंतर, १९४० च्या दशकात बांधलेली, ह्यूस्टन शहर वाचावं म्हणून. मातीची लांबच लांब भिंत, आणि एरवी आत पाणीच नसतं! पार्क आहे तिथे, सॉकरची मैदानं, कुत्र्यांसाठी वेगळी बाग, आम्ही रोज चालायला जायचो. त्या कोरड्या तलावाच्या काठावर, खरं तर पोटातच, पुढे घरं झाली आणि त्यातलं एक आम्ही घेतलं. फ्लड झोनमध्ये नाही म्हणून पुराचा विमा घ्या असं कुणी सांगितलं नाही. नकाशावर मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की बाजूला धरण आहे आणि इथे पाणी साठवलं जाऊ शकतं. कोण वाचतं हो. सातबारा वाचणारी आमची माणसं, इथे येऊन फक्त किचनचा ग्रॅनाइट बघितला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने धरणाच्या वरच्या अंगाच्या घरांसाठी सरकारला जबाबदार धरलंही, पण तो वेगळा विषय.

आम्हाला बाहेर काढलं ते लुइझियानाहून ट्रकमागे बोट बांधून आलेल्या दोन माणसांनी. केजन नेव्ही म्हणतात त्यांना, नेव्हीबिव्ही काही नाही, मासे मारायच्या बोटी असलेली साधी माणसं, २००५ च्या कतरीना वादळापासून कुठे पूर आला की निघतात. त्यातल्या एकाने माझ्या सासूबाईंना उचलून बोटीत ठेवलं आणि म्हणाला, मॅम, तुमची पिशवी जड आहे. पिशवीत देव होते.

हे सगळं टीव्हीवर दिसतं. बोटी दिसतात, हेलिकॉप्टर दिसतं, कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो माणसं दिसतात, फर्निचरवाला मॅट्रेस मॅक आपली शोरूम उघडून लोकांना नव्याकोऱ्या गाद्यांवर झोपवतो ते दिसतं, आणि ते खरंच झालं, मला त्याबद्दल आदर आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. पाणी ओसरलं, कॅमेरे गेले, आणि आम्ही नवव्या की दहाव्या दिवशी दार उघडायला गेलो तर उघडेना, लाकूड फुगलेलं. तिथून पुढे जी मदत लागते ती आपल्या लोकांना सुचतच नाही.

त्या पहिल्या दिवशी मी नुसती उभी होते. भिंतीवर तपकिरी रेघ, त्याच्या वर काळी-हिरवी बुरशी चढायला लागलेली, पायाखाली कार्पेट नाही, दलदल. नवरा म्हणाला सुरुवात कुठून करायची, आणि खरंच आम्हा दोघांना माहीत नव्हतं. तेवढ्यात पिवळे टी-शर्ट घातलेली सात-आठ माणसं आली, कुठल्या तरी चर्चची, पलीकडच्या गल्लीतलं घर संपवून इकडे आलेली. हातात कटावण्या, फावडी, ढकलगाड्या, तोंडाला मास्क. एकाने आधी विचारलं, फोटो काढले का सगळ्याचे? नाही म्हणलं. म्हणाला, काहीही हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागच्या नंबरचे फोटो, आणि कार्पेटचा नि भिंतीचा एक-एक तुकडा कापून पिशवीत ठेवा, विमा असो नसो, कुणीतरी पुरावा मागणारच. मग त्यांनी फ्रिजला गोल-गोल चिकटपट्टी गुंडाळली. उघडायचा नाही, तसाच रस्त्यावर ठेवायचा. (शेजारच्यांनी उघडला. त्यांचं आम्हाला पुढचे दोन दिवस कळत होतं.)

मग भिंती. इथल्या भिंती विटांच्या नाहीत, लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकलेले, शीटरॉक म्हणतात. ते पाणी वर ओढतं, आतल्या पोकळीत भरलेला कापूस ओला राहतो आणि बाहेरून कितीही पुसलं तरी आत बुरशी. त्यांनी खडूच्या दोरीने चार फुटांवर सरळ रेघ मारली आणि खालचं सगळं कापून काढलं. मी म्हणलं पाणी तर इथे कमी होतं, तिथे कशाला चार फूट. तर तो म्हणाला, तक्ता चार फूट रुंदच येतो, आडवा लावला की बरोबर बसतो, उगाच इकडे तीन तिकडे साडेतीन कापलंत तर परत बसवताना दुप्पट मजुरी द्याल. बघा, ही खरी मदत! हे वाक्य. यात माझे किती डॉलर वाचले ते मी नंतर मोजले.

आणि घाई करू नका म्हणाला. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. आमच्या गल्लीत दोघांनी दिवाळीच्या आत घर तयार हवं म्हणून लवकर बंद केल्या, त्यांना मार्चमध्ये परत सगळं फोडायला लागलं.

त्या लोकांत एक म्हातारी बाई होती, तिला फावडं झेपत नव्हतं. ती माझ्या लग्नाच्या अल्बमशी बसली. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटलेले, ओढले की तोंडं निघून येतात. तिने ते झिपलॉकच्या पिशव्यांत घातले, म्हणाली हे मी घेऊन जाते, माझ्या फ्रीझरमध्ये ठेवते, गोठले की कुजत नाहीत, तुझं घर झालं की सावकाश सोडवू. जानेवारीत तिने फोन केला, तुझे नातेवाईक अजून माझ्या मटारांशेजारी आहेत, कधी नेतेस? मी तोपर्यंत विसरलेही होते.

आता कपड्यांचं. आम्ही दोन रात्री एका शाळेत काढल्या, तिथल्या जिममध्ये कपड्यांचा डोंगर. सप्टेंबरचा ह्यूस्टन म्हणजे आपला मे महिना समजा, आणि त्या ढिगात लोकरीचे स्वेटर, एका पायाचे बूट, कुणाचा तरी लग्नातला सूट. पंधरा-वीस धडधाकट माणसं दिवसभर नुसती ते निवडत बसलेली, ज्यांनी पंधरा घरं साफ केली असती. मदतकार्य करणारे लोक याला दुसरी आपत्ती म्हणतात, पहिली पाण्याची आणि दुसरी कपड्यांची. मला हे कुणाच्या चांगुलपणावर बोट ठेवायचं म्हणून नाही सांगायचंय. मीही २००५ ला इथून चिपळूणला खोकी पाठवली होती, जीन्स पाठवल्या होत्या, चिखलात जीन्स! आई काही बोलली नाही. आता कळतं ती काय बोलली नाही ते.

त्या सगळ्या दिवसांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला माणूस सांगू का? आमच्या ओळखीतले एक काका, मुंबईला बँकेत होते, रिटायर होऊन मुलाकडे आलेले. पाठ दुखते म्हणून चिखल उपसायला उपयोग नाही, गाडी चालवता येत नाही. त्यांनी एका हॉलच्या कोपऱ्यात घडीचं टेबल टाकलं, दोन खुर्च्या, एक प्रिंटर, आणि बसले फॉर्म भरायला. कुणीही या. मराठी या, तेलुगू या, मेक्सिकन या.

तुम्हाला वाटेल फॉर्म काय, कुणीही भरेल. पण इथे फेमा म्हणून केंद्र सरकारचं खातं आहे, त्यांच्याकडे अर्ज केला की माणूस येऊन बघून जातो आणि मग पत्र येतं. खूप जणांना पहिलं पत्र येतं ते तुम्ही अपात्र असं. लोक तिथेच खचतात. घर गेलेलं, झोप नाही, त्यात इंग्रजीत अपात्र. पत्र खाली शेवटपर्यंत वाचलं तर बऱ्याचदा कळतं की नुसतं विम्याचं उत्तर जोडलेलं नाही, किंवा सही राहिलीय, किंवा घर तुमचं असल्याचा कागद नाही, आणि साठ दिवसांत अपील करता येतं. काका ते पत्र मोठ्याने वाचायचे, अगदी पासबुक तपासल्यासारखं एका ओळीखाली पट्टी धरून, आणि म्हणायचे, ‘अहो हे नाही म्हणत नाहीयेत, हे कागद मागतायत.’ मग अपीलाचं पत्र, फोटो, वीजबिल, सगळं लावून लिफाफा बंद. मार्च संपेपर्यंत बसले ते तिथे, दर शनिवारी.

आमच्याकडे घर साफ करायला एक बाई यायच्या, त्यांचंही भाड्याचं घर बुडालेलं, पण अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती म्हणून सरकारी दारात जायलाच घाबरायच्या. काकांनी विचारलं, मुलं कुठे जन्मली? धाकटी इथे. मग झालं, नागरिक असलेल्या मुलाच्या वतीने अर्ज करता येतो. हे त्या बाईंना कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमचं जे गेलं ते सामान गेलं, आम्हाला पगार चालू होते, शुगरलँडला मैत्रिणीची वरची खोली मिळाली. त्या बाईंचा पगारच आमच्यासारख्यांच्या घरांवर, आणि घरंच नाहीत साफ करायला. त्यांचा विचार आम्हाला ऑक्टोबरात सुचला, लाज वाटते.

आता चिपळूणचं. २२ जुलै २०२१, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दादाचं स्टेशनरीचं दुकान वरच्या फळीपर्यंत. त्याचं नशीब बघा, सव्वा वर्षाच्या वर कोविडने शाळा बंद, वह्यांचा माल तसाच पडून, आणि मग पाणी. भिजून फुगलेल्या वह्यांनी लोखंडी रॅक फाकवले म्हणे, एकेक वही ओढून निघेना, पहारीने काढल्या. मी इथून फोनवर विचारलं काय पाठवू, आणि या वेळी मी स्वतःहूनच म्हणलं कपडे नाही. तर दादा म्हणाला, ‘बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्यात की ठेवायला जागा नाही. प्रेशर पंप पाठव, नाहीतर दोन माणसं पाठव, आणि गमबूट, नऊ नंबर.’ पैसे पाठवले, पंप खेडवरून भाड्याने आला, तो आमच्या दुकानानंतर अख्ख्या ओळीत फिरला. कुठून-कुठून पोरं आली होती गाळ काढायला, स्वतःचे डबे घेऊन. दादा अजून त्यांची आठवण काढतो.

पण दुकान उभं राहिलं ते पंपाने नाही. पंचनामा झाला, विमा कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला मालाची बिलं दाखवा. बिलं कुठून दाखवणार, बिलांचा लगदा झालेला. दादा दोन दिवस तो लगदा पत्र्यावर वाळवत बसला होता, वहिनी रडायला लागली ते बघून. तेव्हा भाच्याचा मित्र, सीए करणारा पोरगा, लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला काका वाळवू नका, तुमच्या व्यापाऱ्यांनी जीएसटी भरलाय ना, मग तुम्ही घेतलेला सगळा माल पोर्टलवर दिसतोच. जीएसटीआर टू-ए उघडून त्याने दोन वर्षांची खरेदी काढली, व्यापाऱ्यांना फोन करून बिलांच्या प्रती मागवल्या, तीन रात्रींत फाईल तयार. मग त्याने बाजारपेठेतल्या आणखी बऱ्याच जणांचं करून दिलं, चहावर. त्या पोराचा फोटो कुठल्याच पेपरात आला नाही. तुमच्याही नाही, रागावू नका.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पहिले पंधरा दिवस इतकी माणसं येतात की चहाला कप पुरत नाहीत. सहाव्या महिन्यात कुणी नसतं. आमच्या गल्लीत फेब्रुवारीतसुद्धा निम्मी घरं खालून नुसते वासे, माणसं वरच्या मजल्यावर मायक्रोवेव्हवर जगतायत, मिस्त्री मिळत नाहीत, मिळाले तर अ‍ॅडव्हान्स घेऊन गायब, आमचेही गेले. माझे स्वतःचे सगळ्यात वाईट दिवस ऑगस्टचे नाहीत, जानेवारीचे आहेत. ऑगस्टमध्ये अंगात काहीतरी संचारलेलं असतं. जानेवारीत मी एकदा किचन सिंक नसलेल्या किचनमध्ये उभी राहून अर्धा तास टाइलचा रंग ठरवू शकले नाही आणि गाडीत जाऊन बसले.

जे. जे. वॉट म्हणून इथल्या फुटबॉल टीमचा तेव्हाचा खेळाडू, त्याने दोन लाख डॉलर जमवू म्हणून सुरुवात केली आणि चार कोटींच्या वर डॉलर जमले. मला कौतुक आकड्याचं नाही, त्याने ते पैसे पहिल्या महिन्यात वाटून टाकले नाहीत याचं. घरदुरुस्ती, पाळणाघरं परत चालू करणं, जेवण, औषधोपचार, असं करत संस्थांमार्फत ते पुढे दोन वर्षं जात राहिले. पाळणाघर! आई-बापाला पोर ठेवायला जागा नसेल तर ते कामावर कसे जाणार आणि घर कसं उभं करणार, हे कुणीतरी बसून विचार केल्याशिवाय सुचत नाही. तिकडे चिपळूणलाही पूर जुलैचा, पण नदीतला गाळ काढा म्हणून बचाव समितीचे लोक साखळी उपोषणाला बसले ते डिसेंबरात, जेव्हा बाकी महाराष्ट्र विसरला होता, आणि त्यानंतर कुठे मशिनं नदीत उतरली. उपोषणाच्या मांडवात जाऊन बसणं हीपण पूरग्रस्तांना मदतच, पण त्यासाठी आवाहन करताना मी कुठला पेपर पाहिला नाही.

तर माझी विनंती एवढीच. तुमच्या कार्यालयात कपडे घ्यायला जी जागा केलीय ना, तिथे एक टेबल आणि दोन खुर्च्या टाका. एखादे रिटायर्ड तलाठी, एखादी सीएची मुलगी, बँकेतले कुणी, आठवड्यातून एक दिवस बसवा. कुणाचा पंचनामा झाला नाही, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कुणाच्या नावात आडनावाचा घोळ आहे, सात-बारावर अजून आजोबाच आहेत, याच्यावरच तर पैसे अडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शक्य झालं तर गावात जाऊन बसवा, कारण ज्याचं सगळं गेलंय तो एसटीचं तिकीट काढून तुमच्याकडे येणार नाही. आणि ते आवाहन आज छापलंत तसंच सहा महिन्यांनी परत छापा, त्याच पानावर, तेव्हा काय लागतंय ते तिथल्या माणसांना फोन करून विचारून. गमबूट म्हणाले तर गमबूट, नंबरासकट.

फॉर्म भरायला मी इथून व्हिडिओ कॉलवर बसायला तयार आहे, तुमची रात्र माझी सकाळ असते, तेवढं जमेल. काकाही तयार आहेत, आता ऐंशीच्या पुढे गेलेत पण पट्टी अजून आहे.

आपली एक जुनी वाचक,
केटी, टेक्सास (मूळ गाव चिपळूण)

ता. क. कपडे द्यायचेच असतील कुणाला, तर आतले कपडे द्या, नवे, पाकिटातले, सगळ्या मापांचे, आणि बायकांसाठी पॅड. त्या शाळेतल्या अख्ख्या डोंगरात तेवढंच नव्हतं.